चौथ्या कुंडीतला मुलगा

स्लोकनच्या खोऱ्यात गांजाचं झाड मुलगी निघालं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. मुलगा निघाला की त्याची मान मोडतात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. नराच्या पिशव्या फुटून पराग उडाला की लागवडीच्या तंबूतल्या झाडून सगळ्या माद्या बियांनी भरतात, आणि बियांनी भरलेल्या गांजाला या खोऱ्यात कुत्रंही विचारत नाही. आणि इथे न्यूरा कल्माकॉफ आपल्या तळघरात मुलगा व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

तिचा थोरला भाऊ वास्या हिवाळा सरताना गेला. उभा जन्म त्याने एकच वाण लावलं, त्याला आईचं नाव दिलं, पोलिना. त्याचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नसे: पिकून फुटलेला आलुबुखार आणि ओलं देवदार. बी मात्र त्याने कुणाला दिलं नाही. तो दवाखान्यात पडून असताना त्याच्या घरची वीज गेली, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत झाडांच्या काड्या झाल्या. पोलिना संपली असंच सगळे धरून चालले होते. मग त्याचं घर आवरताना फ्रीजरमध्ये, सारण भरलेल्या, गोठलेल्या पिराही पावांच्या मागे न्यूराला मोहरीची डबी सापडली. आत चार बिया होत्या. कायद्याने घरात झाडंही चारच लावता येतात. न्यूराला वाटलं, वास्याने मोजूनच ठेवल्या असणार.

चारही उगवल्या. रोपं गुडघ्याच्या वर आली तशी तिने तळघरातल्या तंबूतल्या दिव्याचं घड्याळ फिरवलं, बारा तास उजेड, बारा तास अंधार. एवढं केलं की झाडांना वाटतं उन्हाळा सरला, आणि ती फुलायला घेतात. त्या दिवसापासून न्यूराचं कशात लक्ष लागेना. सकाळी दिवा लागला रे लागला की वास्याचं भिंग गळ्यात अडकवून ती तळघरात उतरायची आणि प्रत्येक पेर न् पेर न्याहाळायची. फांदी खोडाला मिळते त्या खोबणीत पहिली खूण दिसते. पांढरे दोन केस आले तर मादी. देठावर गोळी, म्हणजे परागाची पिशवी, आली तर नर.

पहिल्या झाडाला केस आले. दुसऱ्याला आले. तिसऱ्यालाही आले.

मर्व डॅनफोर्थ अभिनंदन करायला धुरी दिलेला मासा घेऊन आला. मर्व म्हणजे वास्याचा जन्माचा दोस्त आणि जन्माचा प्रतिस्पर्धी. खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना लागवड त्यानेच शिकवली होती. पोलिनाची एक बी मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं वास्याच्या मागे लागला, आणि वास्याने दर वेळी त्याला बिटाचं सूप, बोर्श, पाजून रिकाम्या हाताने घरी पाठवलं.

"तीन पोरी," मर्व म्हणाला. "आणि तुझं तोंड असं, जसं काही घर जळालंय."

"मला पोरगा पाहिजे, मर्व."

"साठ वर्षांत या खोऱ्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतोय. अगं, कलमं करून ठेव. हवी तेवढी पोलिना."

"वास्याकडे कलमंच होती. वीज गेली आणि संपली. बी कसं, फ्रीजरमध्ये गप्प पडून राहतं. त्याला ना दिवा लागतो, ना पाणी." तिने मासा त्याच्या हातून घेतला. "नर नाही आला तर बी नाही. आणि बी नाही तर तुलाही काही नाही, ध्यानात ठेव."

मर्व हसायचा थांबला. तिच्या बोलण्यात 'तुलाही' होतं, ते त्याने बरोबर ऐकलं होतं. तेव्हापासून चौथ्या कुंडीची काळजी न्यूराइतकीच त्यालाही लागली. तो रोज फोन करायचा, हॅलो न म्हणता विचारायचा, "काय?" ती म्हणायची, "काही नाही." चौथं झाड म्हणजे महाआळशी. बहिणींची डोकी पांढऱ्या केसांनी भरून गेली, आणि हा गडी नुसता उंच वाढत बसला होता.

मर्व तळ्यावर मासेमारीला गेला आणि नेमकी तेव्हाच गोळी दिसली. न्यूराने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. एक गोळी म्हणजे फसवणूकही असू शकते, म्हणून ती तोंड मिटून थांबली. पुढच्या दिवसांत गोळ्यांचे झुपके झाले, द्राक्षांच्या चिमुकल्या घडांसारखे, आणि मग संशयाला जागाच उरली नाही. मर्व परतल्याबरोबर तिने फोन केला आणि एवढंच म्हणाली, "मुलगा झाला."

तो बूटही न काढता तळघरात उतरला. गुडघे टेकून त्याने भिंग डोळ्याला लावलं.

"आहे. नरच आहे. काय घड लागलेत बघ. वास्या असता तर..."

बोलता बोलता त्याचा उजवा हात पुढे गेला, खोड बुडाशी धरलं, मनगटाला एक पीळ दिला आणि कट्कन मोडलं. डाव्या हाताने तोवर खिशातली काळी पिशवी काढून झटकली होती. नर डोकं खाली करून पिशवीत गेला, पिशवीला गाठ बसली. आयुष्यभर त्याने प्रत्येक नराचं हेच केलं होतं, आणि ते करताना त्याला कधी विचार करावा लागला नव्हता.

मग त्याला कळलं.

न्यूरा खालच्या पायरीवर बसली. मर्व हातातल्या पिशवीकडे बघत राहिला, चेहरा पिठासारखा पांढरा.

"न्यूरा, माझ्या हाताने..."

"मग हात तोडून ठेव," ती म्हणाली. "पिशवी सोड आधी. सोड म्हणते ना. बादली आण."

नर जखमेवर मीठ चोळायला आल्यासारखा हिरवागार, ताठ होता. अजून त्याला आपण मेल्याचं कळलं नव्हतं. न्यूराने खोड तिरकं कापलं, बादलीत कोमट पाणी भरलं आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा केला. तोडलेला नर पाण्यात ठेवला तर कधी कधी परागाच्या पिशव्या पिकवतो, हे दोघांनाही ऐकून माहीत होतं. कुणी करून पाहिलं नव्हतं. नर वाचवायला कोण जाणार?

मर्व रोज यायचा. दारातूनच दोन्ही हात खिशात घालायचा आणि न्यूरा सांगेपर्यंत बाहेर काढायचा नाही. पाणी बदलायचं काम त्याचं. पानं लोंबली, पिवळी पडली, खालची गळाली. गोळ्या मात्र फुगत होत्या. न्यूरा म्हणायची फुगतायत, मर्व म्हणायचा सुकतायत, आणि दोघं भिंगासाठी पोरांसारखी भांडायची. अशाच एका दुपारी बोर्श वाढता वाढता न्यूरा थांबली. टेबलावरच्या कापडावर पिवळी धूळ पडली होती. वर पाहिलं तर खिडकीतल्या नराची एक पिशवी पाकळ्या उघडून लोंबत होती.

"श्वास घेऊ नकोस," ती म्हणाली.

त्यांनी पंखे बंद केले. मर्वने खिशातून हात काढला, न्यूराच्या गालाला लावायच्या रंगाचा ब्रश घेतला आणि तळघरातल्या तिन्ही माद्यांच्या एकेका फांदीला ती धूळ अशी लावली, जणू झोपलेल्या बाळाच्या तोंडावरचं दूध पुसतोय. मग पंचाईत झाली. या कपड्यांत घरी गेला तर त्याच्या स्वतःच्या तंबूतल्या काढणीला आलेल्या माद्या बियांनी भरणार. न्यूराने त्याला दाढीसकट आंघोळ करायला लावली आणि वास्याच्या स्वेटरमध्ये घरी पाठवलं. बाह्या त्याला लांब होत होत्या.

पुढे भिंगाखाली सगळं दिसत गेलं. त्या फांद्यांवरचे केस तांबूस होऊन आत वळले. बोंडं टम्म झाली. न्यूराला आता फोनची वाट पाहवेना, तीच करायची आणि हॅलो न म्हणता सांगायची, "आणखी फुगलं."

बोंडांची तोंडं उलायला लागली तसा मर्व आला, हात खिशात. तळघर आलुबुखाराच्या वासाने भरून गेलं होतं. न्यूराने एक बोंड चिमटीत धरून दाबलं. तपकिरी, काळ्या रेघांची एक बी तिच्या बोटांवर आली, कडक, चकचकीत. मोहरीच्या डबीतल्यासारखीच. तिला एकदम हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना.

"काढ तो हात," ती म्हणाली.

"कुठला?"

"मोडणारा."

मर्वने उजवा हात पुढे केला. न्यूराने पहिली बी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"वास्याने दिली नसती," मर्व म्हणाला.

"नसतीच दिली. घरी जा आणि फ्रीजरमध्ये ठेव."

तो मूठ छातीशी धरून जिना चढला. वर पोचल्यावर दार उघडायला त्याने डावा हात वापरला.