वाहिनी क्रमांक बेचाळीस

मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी डोंगरावरच्या अभियंत्याने टेलिव्हिजनच्या नव्या प्रक्षेपकाचा खटका दाबला आणि बेचाळीस नंबरच्या वाहिनीवर पहिल्यांदा काहीतरी गेलं. चित्र नव्हतं, आवाज नव्हता. चाचणीच्या नुसत्या रंगीत पट्ट्या. त्याच मिनिटाला, डोंगरापासून चार किलोमीटर खाली, रुग्णालयाच्या हृदयविभागात बारा खाटांचे बारा पडदे कोरे झाले. तीन वाजून पाच मिनिटांनी नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईचं हृदय बंद पडलेलं आढळलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं. बाई शुद्धीवर आल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी रुग्णालयाच्या विनंतीवरून लहरी-वाटप कार्यालयातून एक अधिकारी मोजणीचं यंत्र घेऊन त्या वॉर्डात आला. कार्यालयात त्याला पाठीमागे ‘कोष्टक’ म्हणत, आणि त्याला ते माहीत होतं. कुठल्या मनोऱ्याला कुठली वाहिनी, किती ताकद, शेजारच्या मनोऱ्यापासून किती अंतर, हे त्याला न बघता सांगता येई.

“भूत शोधायला आलात वाटतं,” वॉर्डातली यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ म्हणाला. “मी सगळं तपासलंय. यंत्रात दोष नाही. मी सव्वातीनला आलो तेव्हा पडदे चालूच होते, तरी बंद करून चालू केलं, आणि एकदम झकास.”

“बंद करण्याआधी आतली नोंद घेतली होती?”

“कसली घेतोय! जुनं यंत्र आहे. बंद केलं की पाटी कोरी.” तंत्रज्ञ ओशाळला. “सवय हो. काहीही बिघडलं की आधी बंद-चालू.”

अधिकाऱ्याने यंत्र टेबलावर ठेवलं, छोटा अँटेना लावला. रुग्णांच्या गळ्यात काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या डब्या लोंबत होत्या. त्या डब्या हृदयाचे ठोके बिनतारी पाठवत आणि नर्सच्या टेबलावरच्या पडद्यांवर ते रेघ होऊन उमटत. त्याने डबी उलटी करून मागचा आकडा वाचला. वाचण्याआधीच त्याला तो माहीत होता. डब्या बेचाळीसमध्ये बोलत होत्या.

“सिस्टर सांगत होत्या पडदे गेले म्हणून,” तंत्रज्ञ म्हणाला. “अर्धा तास, म्हणे. कुणाला पटत नाही. बारा पडदे एकदम जातात आणि आपोआप परत येतात, हे कोण मानणार? घरी बसवलंय त्यांना. सोमवारी चौकशी आहे, नोकरी जाईल बहुतेक.” मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, “तुमची ती नवी वाहिनी पुढच्या महिन्यात ना? मी पत्र लिहिलं होतं तुमच्या कार्यालयाला. मिळालं नसेल कदाचित.”

अधिकारी अँटेनाची वायर गुंडाळत होता. गुंडाळून झाली होती, तरी त्याने ती सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

“त्या दिवशी तर काही सुरू नव्हतं ना तुमचं?”

“बघून सांगतो,” अधिकारी म्हणाला.

पत्र मिळालं होतं. कार्यालयात परतल्यावर त्याने फाइल काढली. तीन महिन्यांपूर्वीचं, हाताने लिहिलेलं. आमची जुनी यंत्रं रिकाम्या वाहिनीवर चालतात, नवी मागवली आहेत, यायला वेळ आहे. शेवटी एक ओळ: ‘चाचणी घेण्यापूर्वी एक फोन केलात तर उपकार होतील.’ समासात त्याचं स्वतःचं अक्षर होतं, नीटनेटकं, शिरोरेघ सरळ: ‘संरक्षणाचा हक्क नाही. फाइल करावे.’

त्यात चूक काहीच नव्हती. दर काही वर्षांनी जगभरचे प्रतिनिधी एका सभागृहात बसतात, जगाचे तीन भाग धरतात आणि हवेची वाटणी करतात: एवढ्या लहरी विमानांना, एवढ्या जहाजांना, एवढ्या टेलिव्हिजनला. त्या वाटणीतून देशाचा वाटा निघतो, देशाच्या वाट्यातून शहराचा. जवळच्या दोन मनोऱ्यांना एकच वाहिनी देता येत नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. म्हणून प्रत्येक गावात काही वाहिन्या रिकाम्या सोडाव्या लागतात, आणि त्या रिकाम्या जागेत लहानसहान यंत्रं बिऱ्हाड करतात: नाटकवाल्यांचे माइक, रुग्णालयांच्या डब्या. टेलिव्हिजन मालक, बाकीचे पाहुणे. मालक आला की पाहुण्याने उठायचं. उठवण्याआधी हाक मारायची, असं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

चाचणीच्या परवान्यावर सही त्याची होती.

बुधवारी सकाळी तो साहेबांसमोर फाइल घेऊन उभा राहिला. साहेबांनी पत्र वाचलं, समास वाचला, चष्मा काढला.

“नियम मोडलास?”

“नाही.”

“कळवायचं बंधन होतं?”

“नव्हतं.”

“मग गुन्हा कसला? उद्या कोर्टात उभा राहिलास तर न्यायाधीश तुला चहा पाजून घरी पाठवेल.” साहेबांनी फाइल त्याच्याकडे सरकवली. “तुला काय मोजायला पाठवलं होतं? आज तिथे बाहेरची लहर आहे का. आहे?”

“आज नाही. आज प्रक्षेपक बंद आहे.”

“मग तेवढंच लिही. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?”

“एका बाईची नोकरी जातेय, साहेब.”

“आणि तुझी गेली म्हणजे तिची वाचेल?”

“वाचेल,” तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा परत चढवला. “तुझी सही, तुझा अहवाल. मी वाचलेला नाही.”

रात्रीच्या जेवणाला तो भातातून नुसता हात फिरवत बसला.

“अहो, ताटात लहरी शोधताय का?” बायको म्हणाली. “सापडली तर सांगा, मला आवरायचंय.”

त्याने सगळं सांगितलं. आकड्यांसकट, जसं कार्यालयात सांगितलं असतं तसं. ती उठली नाही. तिचा खरकटा हात ताटातच वाळला.

“त्या सिस्टरला सांगितलंत?”

“अहवालात लिहिणार आहे.”

“कागदाला नंतर सांगा. आधी माणसाला सांगा. तिने ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं का?”

गुरुवारी चार वाजता तो सिस्टरच्या दारात उभा होता. तिसरा मजला, जिन्यात सायकल, दारावर धुतलेलं पायपुसणं वाळत घातलेलं. दार म्हाताऱ्या सासूने उघडलं.

“आणखी एक चौकशीवाले! या, या. आता दाराबाहेर रांगच लावा तुम्ही.” मग आत वळून, “अगं, आलेत बघ कुणीतरी. याच्या हातात पण फाइल आहे.”

सिस्टर साधारण पंचेचाळिशीची होती. घरच्या कपड्यांतही मनगटावर घड्याळ होतं, सेकंदकाटा मोठा असलेलं. तिने खुर्ची पुढे केली. सासूने पाणी आणून ठेवलं आणि आत न जाता दाराशीच बसली.

त्याने पाणी घेतलं नाही. “सिस्टर, तुमचे पडदे खरंच गेले होते,” तो म्हणाला. “माझ्यामुळे गेले.”

त्याने पत्राविषयी सांगितलं, समासातल्या ओळीविषयी, परवान्याविषयी. तिने मधे एकदाही तोडलं नाही. सासू मात्र उठून उभी राहिली.

“म्हणजे ही खरं बोलत होती!” म्हातारीचा आवाज चढला. “आठ दिवस माझी सून खोटारडी म्हणून फिरतेय, आणि हा गृहस्थ—”

“आई,” सिस्टर म्हणाली. “बसा.”

“उद्या अहवाल जातो,” तो म्हणाला. “पत्राची प्रत जोडणार आहे. डोंगरावरची नोंदवही आहे, मिनिटा-मिनिटाचा पुरावा आहे. कुणी तुम्हाला खोटं पाडू शकणार नाही.” बोलता बोलता त्याचे खांदे सैल झाले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला तहान लागली आणि त्याने पेला उचलला.

“सुरू कधी झालं?” तिने विचारलं.

“दोन चाळीस.”

“बरोबर. दोन चाळीस.” तिने मान हलवली. “आणि बंद?”

“दोन अठ्ठावन्न.”

मनगटावरचं घड्याळ तिने उगाच फिरवून सरळ केलं.

“नक्की अठ्ठावन्न?”

“नक्की. अठरा मिनिटांची चाचणी होती.”

“आई, चहा ठेवता का जरा?”

“आत्ता?”

“आत्ताच.”

सासू आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज येईपर्यंत सिस्टर थांबली.

“पडदे गेले तेव्हा बारा अलार्म एकदम ओरडायला लागले,” ती हळू म्हणाली. “चार नंबरचे आजोबा घाबरून नळी उपटायला लागले. मी एकटी होते, दुसरी सिस्टर एका पेशंटला एक्स-रेला घेऊन गेली होती. मी आवाज बंद केला. सगळ्यांचा, एका बटणाने. आणि खाटेखाटेवर गेले, हात धरून ठोके मोजत. नऊ नंबरच्या बाईंचे दोन पन्नासला मोजले मी. नीट होते.”

“हे तर तुमच्या बाजूचंच आहे.”

“ऐका ना. माझी टेबलाकडे पाठ होती. पडदे परत कधी आले, मला माहीतच नाही. मी वळून बघितलं तेव्हा तीन पाच झाले होते, बाकीच्या रेघा छान चालल्या होत्या आणि नऊची सरळ होती.” ती थांबली. “आवाज बंदच होता. मी परत सुरू केला नव्हता.”

त्याने पेला खाली ठेवला.

“पहिल्या जबाबात मी सांगितलं, पडदे अर्धा तास गेले होते. मला तसंच वाटलं होतं. खरंच वाटलं होतं, की मी तसं मानून घेतलं होतं, आता सांगता येत नाही. यंत्रातली नोंद पुसली गेली तेव्हा... मला बरं वाटलं. आता तुम्ही लिहिणार दोन अठ्ठावन्न. मग कुणीही विचारेल, पुढची सात मिनिटं पडदे चालू होते, तर अलार्म का नाही वाजला?”

“आवाज बंद करावा लागला तो माझ्यामुळे. तेही मी लिहीन.”

“तुम्ही लिहाल हो. ते वाचतील फक्त एवढंच, की सिस्टरने बंद केला.”

स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

“तो आकडा लिहायलाच हवा का, साहेब?” तिने विचारलं. “सुरू झालं ते लिहा. त्या दुपारी चाचणी होती एवढं लिहा. पुरे आहे मला तेवढं.”

अहवालाचा ठरलेला नमुना होता. सुरू झाल्याच्या वेळेसमोर बंद झाल्याच्या वेळेचा रकाना होता. एकोणीस वर्षांत त्याने एकही रकाना मोकळा सोडला नव्हता.

“नऊ नंबरच्या बाईंना मुलगी आहे,” सिस्टर म्हणाली, त्याच्याकडे न बघता. “रोज फोन करते मला. ‘ताई, तुमच्याबद्दल काय काय बोलतात, मला पटत नाही,’ म्हणते. ‘तुम्हीच आईचा हात धरला होता ना?’ म्हणते.”

सासू चहा घेऊन आली. त्याच्यापुढे तिने कप जरा जोरातच ठेवला, पण साखरेचा डबाही आणला.

“तुमच्या त्या कागदाने हिची नोकरी वाचेल ना?” तिने विचारलं.

त्याने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर चहात साखर ढवळत होती, बराच वेळ.

“वाचेल, आई,” सिस्टरच म्हणाली.

शुक्रवारी तो कार्यालयात सगळ्यांच्या आधी आला. दुपारपर्यंत अहवाल टंकून झाला होता. पत्राची प्रत जोडली, समासातली ओळ स्पष्ट दिसेल अशी. स्वतःचं नाव, हुद्दा, परवान्याचा क्रमांक. प्रक्षेपण सुरू: दोन चाळीस. एकदा त्याने डोंगरावर फोन लावला आणि अभियंत्याला नोंदवही पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं.

“दोन अठ्ठावन्न. तुम्हीच तर फोनवर ‘बंद करा’ म्हणालात,” अभियंता हसला. “तुम्ही विसरायला लागलात म्हणजे कठीणच आहे!”

पाच वाजून वीस मिनिटांनी टपाल पाहणाऱ्या बाई दारात आल्या.

“साहेब, पिशवी बंद करतेय. रुग्णालयाचं पाकीट द्यायचंय म्हणालात ना?”

“द्यायचंय.”

“मग द्या की. कोष्टकाला सुद्धा एखादा आकडा अडला की काय?” त्या हसल्या, आणि त्याचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. “बरं, दहा मिनिटं थांबते. त्यापुढे नाही.”

टपालाची पिशवी पाच चौतीसला निघाली. अहवाल तिच्यात नव्हता.

चौकशी सोमवारी सकाळी दहाला आहे. अहवाल हातोहातही देता येतो. रुग्णालय कार्यालयापासून चालत वीस मिनिटांवर आहे. नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी मुलीचं बोट धरलं, असं मुलीचं म्हणणं आहे. डॉक्टरांनी त्याची नोंद केलेली नाही.