पिवळ्या वायरवरचे दोन एक नंबर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक वर्ग समोर आणा. या वर्गातली मुलं विचारल्याशिवाय एक अक्षर बोलत नाहीत. कठीण आहे खरं, पण करून पाहा. बाई पुकारतात, "एक?" पहिला म्हणतो, "हजर, माझा डबा भरलेला आहे." "दोन?" दुसरी म्हणते, "हजर, माझा रिकामा." शेवटच्या मुलापर्यंत पोचल्या की बाई पुन्हा एकपासून सुरू. त्या दमत नाहीत, रागावत नाहीत, मधे पाणी प्यायला जात नाहीत. तुम्ही एकदा "हजर" म्हणेपर्यंत त्यांची अख्ख्या वर्गाची हजेरी कितीतरी वेळा घेऊन होते.

आता या वर्गाच्या भिंती काढा, बाकं काढा. राहू द्या फक्त एक चपटी पिवळी वायर, पोटात दोन तारा असलेली. मुलं तिलाच धरून बसलेली. त्यांचा खाऊ, म्हणजे वीज, त्याच वायरमधून येतो आणि त्यांचं बोलणंही त्याच वायरमधून जातं. आलं डोळ्यांसमोर? मग चला लोणखेड्याला. चांदनीच्या पप्पांनी मिरचीच्या मिलमध्ये अगदी असाच वर्ग भरवला होता, आणि तो दुसऱ्याच दिवशी बंद पडला होता.

मिलचे मालक दोन. चांदनीचे दादाजी नेमीचंद, यांना मिरची विकता येई. आणि भटूआबा पाटील, यांना ती पिकवता येई. भागीदारी अभिनंदनच्या, म्हणजे चांदनीच्या पप्पांच्या, जन्माआधीची. एवढ्या वर्षांत पैशावरून दोघांचा एक शब्द वाजला नव्हता. बिनसायचं ते एकाच गोष्टीवरून, आणि तीही कोणी तोंडाने बोलून दाखवत नसे: दोघांत पहिला कोण?

म्हणून मिलने आपली एक रीत काढली होती. शहाद्याकडून येणाऱ्याला पाटीवर दिसे 'नेमीचंद-भटू मसाला मिल', आणि पलीकडून येणाऱ्याला त्याच पाटीच्या पाठीवर 'भटू-नेमीचंद मसाला मिल'. नवा ट्रकवाला एकदा तरी दुसरी मिल शोधत पुढे जाऊन यायचाच. पूजेला नारळ दोन, आणि ते एका दमात फोडायचे. चहाचा ट्रे दोघांच्या बरोबर मधून यायचा, म्हणजे कोणाचा कप आधी उचलला गेला हे देवालाही सांगता येऊ नये. मिरची ओतायची मोठी नरसाळी, सगळे त्यांना हॉपर म्हणत, तीही दोन: एक दादाजींचं, एक आबांचं.

पप्पा आधी वडोदऱ्याला एका कारखान्यात नोकरीला होते. ते परत आले आणि मिलमधल्या तारांचा जुडगा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. प्रत्येक हॉपरला, प्रत्येक झडपेला, प्रत्येक दिव्याला पॅनलपासून वेगळ्या तारा. सगळ्या मिळून भटूआबांच्या मांडीएवढा जुडगा. त्यातली एक उंदराने कुरतडली की ती शोधण्यात दिवस मावळायचा.

"हे सगळं काढून एक पिवळी वायर लावू," पप्पा म्हणाले.

दादाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "लाव बेटा. चालली तर इथेच राहा, मिल सांभाळ. नाही चालली तर जुन्या तारा परत चढव आणि तू तुझी नोकरी बघ."

चांदनी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला वडोदरा आठवत होतं ते चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीएवढंच. इथे मात्र रुपा होती, भटूआबांची नात, तिच्याच बाकावर बसणारी. इथे मिरची वाळत घातलेल्या लालभडक पथारी होत्या, जिथे दोघी आधी कोण शिंकतं याची पैज लावत. तिला जायचं नव्हतं. म्हणून त्या वायरकडे ती पप्पांपेक्षाही जास्त लक्ष देऊन पाहत होती.

काम पप्पा आणि भूपेशकाका, म्हणजे रुपाचे वडील, दोघं करत होते.

"पप्पा, वायर सोलायची नाही?"

"नाही. सेन्सर वर ठेवायचा आणि दाबायचा. आतल्या दोन सुया वायरला टोचतात आणि तारांना जाऊन लागतात. झालं काम."

"उलटी लागली तर?"

"लागणारच नाही. कडेला हा उंचवटा बघ. चुकीच्या बाजूने बसतच नाही ती."

"आपल्या मिलमध्ये एवढी समजूतदार एकच हाई," भूपेशकाका म्हणाले, "ती बी वायर."

प्रत्येक सेन्सर, म्हणजे आपल्या वर्गातलं एकेक मूल, कारखान्यातून शून्य नंबर घेऊन येतो. मग हातात मावणाऱ्या एका यंत्राने त्याला आपला नंबर द्यायचा, एक ते एकतीस. पप्पांनी सरळ ओळीने दिले. दादाजींचं हॉपर दाराजवळ होतं, त्याला एक. आबांचं त्याच्या शेजारी, त्याला दोन. वर ठळक चिकटपट्ट्याही लावल्या. चाचणी घेतली, वर्ग चोख भरला. पप्पा हसले. चांदनी धावत जाऊन रुपाला सांगून आली, "चालली!"

संध्याकाळी भटूआबा आले. आपल्या हॉपरवरची चिकटपट्टी त्यांनी वाचली. चहाचा ट्रे आला, बरोबर मधून. आबांनी कप उचलला नाही.

"माले नको," ते म्हणाले आणि घरी गेले.

आबांनी चहा नाकारला म्हणजे काय, हे भूपेशकाकांना लहानपणापासून माहीत होतं. पप्पा जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी ते हातातलं यंत्र घेतलं आणि आबांच्या सेन्सरलाही एक नंबर देऊन टाकला. मिलची रीतच तशी होती. नारळ दोन, हार दोन, तसे एक नंबरही दोन. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी दोन्ही हॉपरांत मिरची ओतायला घेतली आणि सगळं अडलं. तुम्हीच विचार करा. बाईंनी, म्हणजे पॅनलने, पुकारलं, "एक?" आणि दोन मुलं एकदम ओरडली. दोघांचं उत्तर सारखंच असतं तर एखादवेळ निभावलंही असतं. पण दादाजींचं हॉपर भरलेलं आणि आबांचं अजून रिकामं. एक म्हणतं "भरला", दुसरं म्हणतं "रिकामा", एकाच क्षणी, एकाच वायरवर. बाईंना नुसता कालवा ऐकू आला. आणि "दोन?" म्हटल्यावर तर कोणीच बोलेना. पॅनलवर लाल दिवा लागला.

चूक सापडायला पप्पांना वेळ लागला नाही. भूपेशकाकांनीच मान खाली घालून सांगितलं. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

"एकाला एक आणि एकाला दोन द्यावाच लागेल," पप्पा म्हणाले.

"दे ना मग," दादाजी शांतपणे म्हणाले. "भटूभाऊंना दोन दे. मन मोठं आहे त्यांचं."

"नेमाशेठनं मन मन्हा पेक्षा मोठं शे," भटूआबा तितक्याच शांतपणे म्हणाले. "त्यास्ले दे."

"मला काय, मी तर दहावा पण चालेन. पण बाजारात काय सांगू? नेमीचंद दोन नंबरचा माल विकतो?"

"आनि मी गावमा काय सांगू? मन्ही मिरची दोन नंबरनी शे?"

"अहो, तो फक्त सेन्सरचा नंबर आहे!" पप्पा म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं हळद कशाला म्हणतात हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतात. मग बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"वायरच खराब आहे," दादाजी म्हणाले.

"जुन्या तारा बऱ्या व्हत्यात," आबा म्हणाले. "नंबरबिंबर काही ईचारत नव्हत्यात. जिले दोन मानसंस्ना मान ठेवता येत नई, ती वायर काय कामनी?"

दुपारी पूजा ठरली होती. तोवर चाललं नाही तर जुना जुडगा परत चढणार होता. पप्पा पॅनलसमोर खाली बसले. ते कोणाशी तरी फोनवर हळू बोलत होते आणि चांदनीला एकच शब्द स्पष्ट ऐकू आला: वडोदरा.

ती त्यांच्याजवळ गेली. "पप्पा, नंबर ओळीनेच द्यावे लागतात का?"

"नाही गं. एकतीसपर्यंत कुठलाही. एकाचा दुसऱ्याला नको, बस."

"मग मी विचारून येते."

"कोणाला?"

पण ती गेली होती. दादाजी गादीवर बसले होते.

"दादाजी, तुम्हाला अकरा नंबर चालेल? शुभ आहे. तुम्ही शगुनाच्या पाकिटात टाकता तसा."

दादाजींनी नातीकडे संशयाने पाहिलं. "आणि भटूभाऊंना?"

"एकवीस."

दादाजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "अकरा आधी येतो."

"हो. पुष्कळ आधी."

"बघ, मला पहिलेपणाची हौस नाही," दादाजी म्हणाले. "पण तुझं मन मोडवत नाही."

भटूआबा बाहेर पथारीपाशी, उन्हात पाठ शेकत उभे होते.

"आबा, तुम्हाला एकवीस नंबर देऊ?"

"नेमाशेठले कितला?"

"अकरा."

आबा मिशीतून हसले. "एकवीस मोठा शे."

"दहाने मोठा आहे, आबा."

"जाऊ दे पोरी. माले मोठेपना नको. पन तू म्हनस तं दे." आणि दोन पावलं चालून ते परत वळले. "आनि एक नंबर? तो कोनले?"

हा प्रश्न दादाजीही विचारणार, हे चांदनीला दिसत होतं. एक नंबर मोकळा ठेवला तर दोघं रोज त्याच्याकडे पाहत बसले असते, आणि एखाद्या संध्याकाळी पुन्हा कोणीतरी चहा नाकारला असता. तिने दारातून मिलभर नजर फिरवली. कोपऱ्यात देठांचा डबा होता. मिरचीचे खुडलेले देठ त्यात पडत, आणि भरला की आवाज द्यायला त्याच्यावरही एक छोटा सेन्सर बसवला होता.

"देठांच्या डब्याला," ती म्हणाली.

आबा मोठ्याने हसले. आतून, भिंतीपलीकडून, दादाजींचंही हसू ऐकू आलं. ते कान देऊनच बसले होते. देठांच्या डब्याशी बरोबरी कोण करणार?

पप्पांनी नंबर बदलले. पॅनलमध्येही ज्याचा नंबर त्याच्या नावापुढे लावला. बाईंनी पुकारलं, "एक?" डबा म्हणाला, "हजर, रिकामा." "अकरा?" "हजर, भरलेला." "एकवीस?" "हजर, अजून जागा आहे." लाल दिवा विझला, हिरवा लागला. गिरणी घुमू लागली आणि मिलमध्ये सगळे एकदम शिंकले. पप्पांनी फोन खिशात टाकला. दादाजींनी आबांकडे आणि आबांनी दादाजींकडे पाहिलं, दोघांच्याही नजरेत समोरच्याबद्दल थोडी दया होती. चहा आला. दोन्ही कप उचलले गेले.

पूजेची वेळ झाली. नव्या जोडणीचे नारळ एक नंबरच्या यंत्रापुढे फोडायचे असतात. सगळे दोन्ही हॉपरांकडे निघाले, अर्ध्यात थबकले, आणि मग देठांच्या डब्याभोवती येऊन उभे राहिले. डब्याला हळदकुंकू लागलं. हार घातला गेला. चांदनीच्या आजीने, लाडकंवरदादींनी, हात जोडले. दादाजी आणि आबा, खांद्याला खांदा लावून, त्या डब्यापुढे वाकले.

चांदनीच्या हातात नेहमीप्रमाणे दोन नारळ होते. तिने एक पुढे केला. दोघा म्हाताऱ्यांनी तो एकदमच धरून फोडला, कारण धरायला दुसरा दिसतच नव्हता. दुसरा तिने ओढणीखाली लपवला होता; तिने रुपाला डोळ्याने खुणावलं, आणि पथारीच्या कडेच्या दगडावर फोडून दोघींनी तो तिथेच बसून खाल्ला.