पाचवा पुढे गेलाय

पाचवा माणूस पुरा व्हायला सकाळी आठपासून दुपारी साडेतीनपर्यंत वेळ लागला, आणि त्यातून धाकू गवसला मिळायचं होतं ते एका पाटीवरचं नाव. बाकी काही नाही. पाटी लोखंडी, हिरव्या रंगाची, मुळसकोंडच्या जंगलगेटाशी ठोकलेली. वर लिहिलेलं, 'नदीवाटेचे अधिकृत वाटाडे', आणि खाली एका माणसापुरती जागा मोकळी. वाट दोन राज्यांत पाय पसरून बसलेली: गेटापासून खिंडीत चढायचं, खिंडीतून नदीवर उतरायचं, नदी ओलांडून पल्याडच्या राज्यात जेवायचं आणि त्याच वाटेने परत. पण नाव लागणार एकाचंच. जो आधी दहा फेऱ्या पुऱ्या करील त्याचं. दुसऱ्याने पुढच्या महिन्यापासून गेटाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

धाकूच्या नऊ झाल्या होत्या. पल्याडच्या रोहिदासच्याही नऊ. रोहिदास म्हणजे धाकूच्या बायकोचा सख्खा भाऊ, आणि त्याची दहावी फेरी उद्यावर आलेली.

धाकू बावन्न वर्षांचा. त्यातली पस्तीस ह्या वाटेवर गेलेली. चढावर तो बकऱ्यासारखा चाले आणि गावातल्या डांबरी रस्त्यावर अडखळे. अनसूया, त्याची बायको, म्हणायची, "तुमका घर नको, डोंगर व्हयो." त्यात खोटं काही नव्हतं.

हत्तींमुळे नियम असा होता की वाटाड्या धरून पाच माणसं नसली तर गेट उघडायचं नाही. आज चारच जमली. पुण्याचे मकरंद आणि ईरा हे नवराबायको, बेळगावच्या निवृत्त भूगोलशिक्षिका किणेकर बाई, आणि धाकू. येणारा आणखी एक पाहुणा पोट बिघडलं म्हणून लॉजवरच पडून राहिला.

"पाचवा?" गेटावरच्या लीना परबने पेनाचं टोपण काढलं.

"तो पुढे गेलाय," धाकू म्हणाला. "खिंडीत थांबलाय."

"गेट मी आत्ता उघडतेय, काका."

"तो पहाटेच गेलो गो. तुझ्या आधीच्या ड्युटीत."

लीनाने त्याच्याकडे पाहिलं. मग रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. "लिहा त्याची माहिती. सही पण तुम्हीच ठोका. पण येताना मी पाच डोकी मोजणार हं. एक कमी दिसलं की फेरी रद्द."

चार वाजता लीनाची ड्युटी संपे. तिच्या जागी येणारा म्हातारा राणे नुसती सही घेई, डोकी मोजत नसे. म्हणजे चार वाजून पाच मिनिटांनी परतायचं, एवढीच काळजी. धाकूने पाचव्याचं नाव लिहिलं, गोपी गवस. खोटा माणूस बनवायलाही थोडी मेहनत लागते, ती त्याने केली नाही. वय बावन्न. गाव मुळसकोंड. उंची, रक्तगट, दुखणं: डावा गुडघा. घरी कळवायचं झाल्यास: अनसूया. सगळं स्वतःचंच उतरवून काढलं.

खिंडीत राखणदार आहे. म्हणजे एक काळा दगड, कमरेएवढा. तिथली रीत अशी की दगडासमोर माणशी एक डहाळी ठेवायची आणि किती जण चाललो ते मोठ्याने सांगायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. येताना आपापली डहाळी उचलून मागे टाकायची. जेवढी माणसं सांगितली तेवढीच राखणदार राखतो, कमी नाही की जास्त नाही.

"तुमचे ते गोपी कुठे आहेत?" मकरंदने विचारलं.

"आणखी पुढे गेला वाटतं."

धाकूच्या हातात पाच डहाळ्या होत्या. एक टाकून द्यावी असं त्याच्या मनात आलं. पण लीनाच्या वहीत पाच आणि इथे चार, हे त्याला बरं वाटेना. दोन ठिकाणी दोन आकडे ठेवणारा माणूस पकडला जातो, असं तो धरून चालला होता. त्याने पाचही डहाळ्या ओळीने मांडल्या.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या वाटेन पाच जणां चललीत. पाचांका नदीर पोचव, पाचांका परत हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" शिकवल्याप्रमाणे तिघांनी म्हटलं.

किणेकर बाईंना स्वतःच्याच आवाजाचं हसू आलं. बाईंचं हसू सकाळपासून सगळ्या डोंगराला माहीत झालं होतं, तांब्याभर पाणी एकदम ओतल्यासारखं. त्यांनी तोंड उघडलं, पोट हललं, डोळ्यांत पाणी आलं. आवाज आला नाही. आवाज खालच्या वळणावरून आला.

"कोण हसलं?" ईरा म्हणाली.

"मीच की," किणेकर बाई म्हणाल्या. "लांबून ऐकू येतंय, एवढंच."

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. धाकूला वाटलं. डोंगरात आवाज फिरतो हे त्याला ठाऊक होतं, पण फिरलेला आवाज आधी तोंडातून निघावा लागतो.

नदीकाठी चिखल होता. तो ओलांडून दगडावर चढल्यावर धाकूने सवयीने मागे वळून ठसे पाहिले. हत्तीच्या वाटेवर मागचं पाहावंच लागतं. स्वतःचे ठसे, मकरंदचे, बाईंचे. ईरा चिखलाच्या मधोमध उभी होती आणि तिच्या बुटांखाली चिखल सपाट होता, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. तिच्या बुटांचे ठसे मात्र होते. ते पाण्याच्या दिशेने, चौघांच्या पुढे, लांब लांब ढांगांनी गेले होते.

"काय झालं, काका?"

"काय नाय. चला, पाणी गुडघ्याएवढंच आहे."

सीमा नदीच्या मधोमध आहे. अल्याडचे लोक नदीला थोरली म्हणतात. पल्याडचे धाकटी म्हणतात, कारण त्यांच्याकडे हिच्याहून मोठी एक आहे. मकरंदने मध्यावर थांबून फोटो काढला, एक पाय ह्या राज्यात आणि एक त्या राज्यात. ऊन डोक्यावर आलं नव्हतं. पाण्यावर ईराची सावली होती, बाईंची होती, धाकूची होती. मकरंदच्या पायाशी नुसतं पाणी वाहत होतं. पल्याडच्या वाळूवरून एक उंच सावली झाडीत शिरली आणि तिच्यावर माणूस नव्हता.

धाकूने मनातल्या मनात मांडणी केली. हसू गेलं, पावलं गेली, सावली गेली. गावच्या उत्सवाला घराघरातून वर्गणी काढतात तशी कुणीतरी ह्या तिघांकडून वर्गणी काढत होतं. आकडा आपण सांगितला. आपण पाच म्हटलं की राखणदाराला पाच भरायलाच हवेत, आणि माल बाहेरून आणायची त्याला सोय नाही.

रोहिदासच्या पडवीत पाच पानं मांडलेली होती. त्यातलं एक जेवून झालेलं.

"येवा, भावजी," रोहिदास म्हणाला. पाहुणे हातपाय धुवायला मागे गेले, तसा तो जवळ सरकला. "तुमचो पाचवो जेवान गेलो. तुमच्यासारखोच जेवता. आधी सोलकढी, मगे भात."

"कसो दिसता?"

"तोंड नाय अजून. पानार वाकलो आणि भात संपलो. कसो संपलो ता माका विचारू नकात." रोहिदास हसला. मग त्याने हसू आवरलं. "भावजी, गाराण्यात आकडो चुकीचो सांगितलात काय?"

धाकूने एका पानापुढे मांडी घातली.

"परत जाताना दगडासमोर खरा काय ता सांगा. चार गेलेली, चार परत इली. एवढाच. डहाळी उचलून टाका, तो सुटतलो."

"आणि लीना? दगडाकडे चार सांगितली की तिच्या वहीत पण चारच. फेरी रद्द."

"होतली."

"आणि उद्या तुझी दहावी."

"ती पण होतली," रोहिदास म्हणाला आणि भाताचं टोप उचललं. "तुम्ही इलात कधी तर गेटाभायर बसान बोलू. मी वाटेतून आंबाडे हाडीन तुमका."

अशी दया दाखवणाऱ्या माणसाचं ऐकणं फार जड जातं. धाकूने भातावर आमटी ओतली. राखणदाराला काय, उद्याही सांगता येईल, असं त्याने ठरवलं. आधी पाटीवर नाव लागू दे. मग एकटं यायचं, नारळ ठेवायचा, चूक कबूल करायची. तिघं पाहुणे तर उद्या आपापल्या गावी जाणार. हसू नसलेली, ठसे नसलेली माणसं शहरात कितीतरी असतील, कुणाच्या लक्षात येतंय.

त्याने सोलकढीची वाटी उचलली. ती रिकामी होती, आणि त्याच्या जिभेवर चव होती.

परतीचा चढ सुरू झाला तेव्हा पाचवा दिसू लागला. नेहमी एक वळण पुढे. आधी नुसती पाठ, मग धाकूच्याच सदऱ्याचा निळा रंग, मग दोन हात. उजव्या हातात कोयता होता. धाकूने कमरेला चाचपून पाहिलं. कोयता अडकवायची आकडी होती, कोयता नव्हता.

"गवस, अजून किती चढ?" किणेकर बाईंनी विचारलं.

धाकूने उत्तर दिलं. "ह्यो एक आंबो गेलो की खिंड," हे शब्द त्याने जुळवले, ओठही हलवले. ऐकू आले ते पुढच्या वळणावरून.

"बरं झालं," बाई पुढे पाहून म्हणाल्या.

मग मकरंदने पुढच्याला झाडाचं नाव विचारलं. मग ईराने आपली पाण्याची बाटली पुढच्याकडे दिली. द्यायला जाताना ती धाकूच्या अंगावरून गेली, म्हणजे खांद्याला घासून गेली आणि तिने माफी मागितली नाही. फांदीची कुणी माफी मागतं? धाकूने पावलं झपझप टाकली. जेवढी तो झपाट्याने टाकी तेवढी पुढच्याची चाल रुबाबदार होई, बकऱ्यासारखी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा धाकू चढावर अडखळला.

उद्या नाही, आत्ता, असं त्याला वाटलं. पाटी राहू दे. रोहिदासने आंबाडे आणून द्यावेत, आपण गेटाबाहेर बसून खावेत. आत्ताच्या आत्ता दगडासमोर जाऊन सांगायचं.

खिंडीत पाच डहाळ्या सकाळच्यासारख्याच ताज्या होत्या. पाचवा दगडाशी वाट पाहत उभा होता. आता त्याला तोंड होतं. धाकूने ते रोज सकाळी दाढी करताना पाहिलेलं होतं, फक्त आरशात असतं त्याच्या उलट.

ईराने आपली डहाळी उचलून मागे टाकली. मकरंदने टाकली. बाईंनी टाकली. दोन उरल्या. धाकू वाकला. गुडघा चमकला. त्याने राखणदाराकडे पाहून तोंड उघडलं आणि छातीतून जोर लावला, पण आत जोर लावण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

"बा राखणदारा म्हाराजा!" पाचवा खणखणीत म्हणाला. "सकाळी माझ्याकडसून चूक झाली. पाच सांगितलंय, पण जाताना चारच होती. चार गेली, चार परत इली. जो एक जास्तीचो आसा, तो तुझो तू परत घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" तिघं म्हणाली.

पाचव्याने एक डहाळी उचलून मागे टाकली. दुसरी तशीच राहू दिली.

किणेकर बाई हसल्या. तांब्याभर पाणी एकदम ओतल्यासारखं, तोंडातून, जागच्या जागी. ईराने पाय उचलला तर खाली मातीत बुटाचा ठसा उमटला होता. मकरंदची सावली त्याच्या पायाशी येऊन निजली. प्रत्येकाचं त्याला परत गेलं. वर्गणी कुणाचीच लागली नाही, कारण एका घराने सगळी भरली होती.

उतारावर धाकू त्यांच्या मागे राहायचा प्रयत्न करत होता. जमेना. मागे राहायला पावलं लागतात. तो आपोआप एक वळण पुढे होता. तो थांबला की वळणच पुढे सरके.

गेटाशी पोचले तेव्हा चारला दहा कमी होती. त्या माणसाला उशीर करण्याचं काही कारणच नव्हतं. लीना पेन घेऊन उभी होती.

"एक, दोन, तीन, आणि तुम्ही चार, काका. पाचवा?"

"तो पुढे गेलाय," धाकूचा आवाज म्हणाला.

लीनाने गेटाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. धाकू तिच्यासमोर हातभर अंतरावर होता. त्याने दोन्ही हात हलवले.

"हो," ती म्हणाली. "आत्ता कोणीतरी गेल्यासारखं वाटलं खरं. डावा पाय धरून चालणारा?"

"तोच."

तिने बरोबरची खूण केली. दोन ठिकाणी दोन आकडे ठेवून तो माणूस गेटातून बाहेर आला आणि त्याला कुणी पकडलं नाही. लीनाने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि पाटीवर नाव घालायला घेतलं. धाकू ही अक्षरं ती फार सुबक काढत होती. ते पाहायला थांबावं असं त्याला वाटलं, पण मागून पावलं आली आणि तो पुढे गेला.

पुढे डांबरी रस्ता होता. त्यावर तो अडखळत होता. मग घर आलं. अनसूया दारात पायावर घालायच्या पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती त्याच्या आरपार रस्त्याकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा खुलला, कारण मागचा तिला दिसला होता.

"झाली दहावी?"

"झाली," मागून आवाज आला.

तर ज्याचं त्याला मिळालं. बाईंना हसू, ईराला पावलं, मकरंदला सावली. पाटीला नाव मिळालं, अनसूयेला चढउतारावर न दमलेला नवरा मिळाला, रोहिदासला पुढच्या महिन्यापासून घरी बसायला मिळालं. राखणदाराकडे एक डहाळी जमा राहिली. देणारा एकटा धाकू, आणि त्याने सगळं दिलं, डावा गुडघा सोडून. तो कुणी मागितला नव्हता. तो दुखत होता, आणि घरापुढचा रस्ता सपाट होता, आणि पुढे वळण दिसत होतं.