कालचाच आकडा

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. नाव ऐकून दचकू नका. पितळी चौकट, जाड काच, पांढरी तबकडी आणि तिच्यावर एक काळा काटा, एवढाच माझा संसार. नळीतल्या तेलाचा आणि वायूचा दाब किती आहे, ते काट्याने दाखवायचे, हे माझे काम. आज माझ्या पोटात तेलही नाही आणि वायूही नाही. एका घराच्या बाहेरच्या खोलीत मी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून असतो, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून.

माझ्या तबकडीवरचे आकडे एका बाईंनी हाताने रंगवले. बाई कामाला फार चोख. एका आकड्याची शेपटी जरा वाकडी आली, तर त्यांनी सगळी तबकडी पुसली आणि पहिल्यापासून पुन्हा रंगवली. मग मला दुसऱ्या एका अनुभवी मापकाशेजारी लावून पुन्हा पुन्हा तपासले. तेव्हा मला त्याचा अगदी कंटाळा आला होता. आता त्या बाईंची आठवण आली की मी मनातल्या मनात हात जोडतो.

तिथून माझी रवानगी झाली थेट समुद्रात. लोखंडी पायांवर उभा असलेला एका तेल कंपनीचा मोठा प्लॅटफॉर्म होता. तिथल्या एका विहिरीच्या नळीवर मला बसवले. माझी देखभाल ज्यांच्याकडे होती, त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. दर चार तासांनी ते यायचे, बोटाच्या पेराने माझ्या काचेवर दोनदा टकटक करायचे, वाकून डोळा माझ्या समोर आणायचे, आकडा मोठ्याने म्हणायचे आणि मगच वहीत लिहायचे. काटा कधी कधी अडकून बसतो, टकटक केली की खऱ्या जागी येतो. पाऊस असो, वारा असो, मास्तरांनी ती टकटक कधी चुकवली नाही.

एकदा माझा काटा भराभर चढू लागला. प्लॅटफॉर्मचे मोठे साहेब म्हणाले, "मास्तर, तुमचा काटा म्हातारा झालाय. काम चालू ठेवा."

मास्तर म्हणाले, "म्हातारा असेल साहेब, पण खोटारडा नाहीये. आधी विहीर बंद करा."

साहेबांनी नाक मुरडले, पण विहीर बंद केली. खाली खरोखरच वायू साठला होता. अडतीस माणसे त्या दिवशी सुखरूप राहिली. आचाऱ्याने सगळ्यांना दुप्पट जेवण वाढले आणि माझी काच चार-चार जणांनी पुसली. मी असा फुगलो होतो की विचारू नका.

पण मित्रांनो, गोड गोडच सांगत बसलो तर ते आत्मवृत्त कसले? मास्तरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्या खालच्या नळीतून गळती सुरू झाली. नियम असा, की मापक बंद पडला तर विहीर बंद. नवा भाग बोटीने यायचा होता. साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतले. "भाग येईपर्यंत खालची तोटी बंद करा आणि कालचाच आकडा लिहा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. सगळे असंच करतात."

मास्तरांनी तोटी फिरवली. विहिरीचा दाब माझ्यापर्यंत पोहोचेनासा झाला आणि माझा काटा शून्यावर उतरला. समुद्र खवळल्यामुळे दोन दिवसांचे अकरा दिवस झाले. अकरा दिवस मास्तर येत होते आणि टकटक न करताच कालचा आकडा उतरवून जात होते. बाराव्या दिवशी नवा भाग बसवून तोटी उघडली, तेव्हा माझा काटा एकदम धोक्याच्या लाल रेघेपर्यंत उडाला. लगेच विहीर बंद झाली. नशीब बलवत्तर म्हणून काही झाले नाही. मास्तरांनी माझ्या काचेवर दोनदा टकटक केली आणि खरा आकडा वहीत लिहिला.

सहा महिन्यांनी निरोपसमारंभ झाला. "मास्तरांनी तीस वर्षांत एकही आकडा चुकवला नाही," असे साहेब भाषणात म्हणाले आणि मला लाकडी बैठकीवर बसवून त्यांना भेट दिले. टाळ्या वाजत होत्या. मास्तर मान खाली घालून उभे होते. लोकांना तो विनय वाटला.

घरी लेक आणि जावई. लेक रुग्णालयात परिचारिका, जावई चष्म्याच्या दुकानात भिंगे घासतो. भाड्याच्या दोन खोल्या, आणि मास्तरांची खाट बाहेरच्या खोलीत, जाण्यायेण्याच्या वाटेवर. अडतीस माणसांची गोष्ट मास्तर पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगत. शेवटचे वाक्य ठरलेले, "आमच्या कंपनीत काटा बोलला की काम थांबतं." जावयाला तर ती तोंडपाठ झाली होती. अकरा दिवसांची गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

आणि मग ती बातमी आली. त्याच कंपनीची समुद्रातली दुसरी एक विहीर फुटली होती. आठवडेच्या आठवडे तेल वाहत राहिले. वर्तमानपत्र रोज माझ्याच खाली ठेवले जायचे, म्हणून मी सगळी चित्रे अगदी जवळून पाहिली. काळे पाणी, किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या होड्या, साबणाने धुतले जाणारे पक्षी. मास्तरांचे दुपारचे झोपणे संपले. ते खाटेवर बसून राहत आणि चहावर साय धरे.

कंपनीचा शेअर धाडकन पडला. शंभराचा चाळीसवर आला. एका रविवारी दुपारी जावई समोर कागद पसरून बसला. घरासाठी नऊ वर्षे पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे त्याला त्या शेअरमध्ये घालायचे होते.

"सगळे घाबरलेत ना, तेव्हाच घ्यायचं असतं," तो म्हणाला. "एवढी मोठी कंपनी काही बुडत नाही. वर्षभरात भाव निम्मा जरी वर आला, तरी दोनऐवजी तीन खोल्यांचं घर घेता येईल. तिसरी खोली बाबांची."

लेक म्हणाली, "आणि नाही आला वर तर? या दोन खोल्यांचंही भाडंच भरत बसायचं म्हातारपणापर्यंत?"

"अगं, आपल्या घरात तीस वर्षांचा अनुभव बसलाय! बाबा, तुम्हीच सांगा. हा अपघात म्हणजे एखाद्याची चूक असणार. कंपनी मुळात चोख आहे की नाही? काटा बोलला की काम थांबतं, तुम्हीच म्हणता ना?"

लेकीने वडिलांकडे पाहिले. "बाबा हो म्हणत असतील, तर माझी हरकत नाही."

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मास्तर एकदा लेकीकडे पाहत, एकदा त्या कागदांकडे. हो म्हटले असते तर मान राहिला असता आणि कदाचित खोलीही मिळाली असती. त्यांनी मला उचलून मांडीवर घेतले आणि टकटक केली. काटा शून्यावरून हलला नाही.

"मी अकरा दिवस खोटा आकडा लिहिलाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळे सांगितले. तोटी, बोट, लाल रेघ, सगळे. मध्येच ते पाणी प्यायले आणि पुढे सांगू लागले. "साहेब म्हणाले होते, सगळे असंच करतात. ते खरं होतं. मग आम्ही सगळेच गप्प बसलो. ही विहीर एका माणसाच्या चुकीने फुटली असेल असं मला वाटत नाही. तिथे पैसे टाकू नका, बाळांनो. भाव कदाचित वर जाईलही, ते मला कळत नाही. पण माझ्या शब्दावर टाकू नका."

जावयाने समोरचे कागद गोळा केले.  लेक म्हणाली, "बाबा, आमच्या वॉर्डात कुणी न मोजता रक्तदाब लिहिला, तर मी तिला दारात उभी करत नाही."

"मग मलाही करू नकोस," मास्तर म्हणाले.

"तसं नाही हो. पण ज्यांनी विचारायला हवं, त्यांना हे सांगितलंत का?"

नव्हते सांगितले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मास्तरांनी, फुटलेल्या विहिरीची चौकशी करणाऱ्या समितीला चार पानी पत्र लिहिले. स्वतःचे नाव, तारखा, आकडा, काही लपवले नाही. लेकीने शुद्धलेखन तपासले आणि जावयाने पत्र पोस्टात टाकले. येताना तो विकत घ्यायच्या दोन खोल्यांच्या घरासाठी बयाणा भरून आला.

समितीने मास्तरांना बोलावले. दोन तास प्रश्न विचारले, रागावलेही. आणखी सात जुने कामगार मग पुढे आले. प्रत्येकाकडे आपापला कालचा आकडा होता. आता म्हणे मापकाखालची तोटी बंद करायची झाली, तर तिला कुलूप लागते आणि विहीरही बंद होते.

शेअरचे म्हणाल, तर तो दीड वर्षात साठावर आला. जावयाने लगेच हिशेब केला. "बाबा, गेली तुमची खोली!"

"जाऊ दे," मास्तर म्हणाले आणि पांघरूण ओढून घेतले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, दुकानात, दवाखान्यात कुठलेही माप असो, त्याला पुसा, तपासा आणि टकटक करून विचारा. त्याचे उत्तर तुमच्या सोयीचे नसले, तर त्याचे तोंड बंद करू नका. आणि कधी केलेच असेल, तर सांगून टाका. उशीर झाला असला तरी सांगा.

आता नव्या घरातही मास्तरांची खाट बाहेरच्याच खोलीत आहे. दुपारी जेवण झाले की ते आडवे होतात आणि पाच मिनिटांत असे घोरू लागतात, की माझी काच थरथरते. परवा लेक रात्रपाळी संपवून आली होती, तिला आतल्या खोलीतही डोळा लागेना. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती तिसरी खोली ना, बाबांसाठी नाही, आपल्यासाठी हवी होती."

तो हसू दाबत दार लावून घेऊ लागला. तिने त्याचा हात धरला. "राहू दे उघडं," ती म्हणाली. "किती दिवसांनी झोपू लागलेत."