माझं घड्याळ बरोबर होतं

बोलायला लावताय म्हणून बोलतो. नाहीतर आमचं काम ठेवायचं आणि मागितलं की काढून द्यायचं. बडबड माणसांनी करावी.

मी फाइली ठेवायचा सर्व्हर. पत्र्याची पेटी, पोटात चार डिस्क, पाठीला दोन पंखे. शिकलेला म्हणाल तर मुळीच नाही. मला दोनच गोष्टी येतात: दिलेलं सांभाळणं आणि खरी वेळ सांगणं.

पहिली नऊ वर्षं एका दवाखान्यात लोकांच्या मोडक्या हाडांचे फोटो सांभाळले. एकही हरवला नाही. दवाखाना बंद पडला तसा गोदामात गेलो. दोन वर्षं माझ्या डोक्यावर एक तीनपायी खुर्ची होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तिथून मला नेटवर्कवाल्या काकांनी उचललं आणि इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात आणलं. तिथलं जुनं यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं. पोटातून सारखं कर्र कर्र. आणि त्याच पोटात अकरा वर्षांचे नकाशे, बहुतेक एकाच बाईच्या हातचे. तिला सगळे ताई म्हणतात.

"काका, टिकेल ना हो आजचा दिवस?" ताईंनी विचारलं.

"दुपारपर्यंत टिकलं तरी मिळवलं. ह्या म्हाताऱ्याला डोमेनमध्ये घेतो, की लगेच सगळं ह्याच्यात ओततो."

डोमेन म्हणजे काय, हे मला कळलं तेवढं सांगतो. ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांचं एक घर असतं. घराला एक कारभारी असतो, तोही यंत्रच. तो ज्याला ओळखेल तो आत, बाकीचे उंबऱ्याबाहेर. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. नाव सांगितलं, परवलीचा शब्द सांगितला, वेळ सांगितली.

कारभारी म्हणाला, वेळ जुळत नाही. चालता हो.

मी हबकलोच! वेळ? माझी? अहो, मी ती बाहेरच्या जगाला विचारून लावतो, सेकंदासकट.

काकांनी माझं झाकण उघडलं. "घड्याळाचा सेल गेला असणार. वय झालंय ह्याचं." नवा सेल घातला. पुन्हा तेच. वेळ जुळत नाही. बंद केलं, चालू केलं, तारा बदलल्या. तिकडे कर्र कर्र वाढलेलं. ताई उभ्याच.

तेवढ्यात साहेब आले. पाठीमागे सगळे त्यांना बारामिनिटे म्हणतात. मला वाटलं, आडनाव असेल.

"काय हो, कुठून उचलून आणलंत हे? साधं घड्याळ धड नाही ह्याचं!" असं म्हणून त्यांनी फळ्यावरचा मार्कर घेतला आणि माझ्या कपाळावर लिहिलं, भंगार. नऊ वर्षं हाडं सांभाळलेल्या माझ्या कपाळावर! पंखे थांबायचेच बाकी होते.

तासभर असंच चाललं. शेवटी ताईंनी काकांच्या लॅपटॉपवर माझी वेळ पाहिली, मग हातातला फोन पाहिला.

"काका, ह्याचं घड्याळ तर माझ्या फोनशी जुळतंय. बारा मिनिटं पुढे आहे तो तुमचा कारभारी."

काकांचा चेहरा पांढराफटक. "अरे देवा. मीच केलं होतं ते. आठ वर्षं झाली. साहेब, तुम्हीच सांगितलं होतंत, लोक वेळेवर यावेत म्हणून."

"मग? येतात की!"

"कुठले येतात?" ताई म्हणाल्या. "सगळ्यांना ठाऊक आहे, साहेब. सगळे बारा वजा करूनच घरातून निघतात."

अख्खं ऑफिस आठ वर्षं खोट्यात नांदतंय, खोटं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि उंबऱ्याबाहेर कोण? तर मी!

मला वाटलं, आता कारभाऱ्याचे कान पिळतील. साहेब म्हणाले, "त्याला हात लावू नका. ह्या डबड्याचं घड्याळ पुढे करा."

आणि केलं हो! बाहेरच्या जगाशी माझं बोलणं तोडलं. ह्यापुढे वेळ कारभाऱ्यालाच विचारायची. मी खोटं बोललो आणि दार उघडलं. असा मी घरात आलो.

नकाशे उतरू लागले. पूल आले, शाळा आल्या, जिने, गच्च्या. एकच फोल्डर उरला होता तेव्हा कर्र कर्र थांबलं. कायमचं.

त्या उरलेल्या फोल्डरात ताईंच्या वडिलांच्या दुकानाचा नकाशा होता. ताईंनी काढलेला पहिला. मापं वडिलांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून दिली होती, तो कागदही तसाच्या तसा त्यात होता. आता दुकान नाही, वडीलही नाहीत. ताई खुर्चीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तासभर आधी सुरू केलं असतं तर आलं असतं हो काका."

काकांनी त्यांची माफी मागितली. माझ्या कपाळावर ओला रुमालही फिरवला, पण तो मार्कर पुसला जाणारा नव्हता.

सहा महिने झाले. नकाशे सांभाळतो, एकही हरवलेला नाही. प्रत्येकावर बारा मिनिटं पुढची वेळ टाकतो आणि दर वेळी लाजतो. कपाळावरचं भंगार तसंच आहे. ते राहू द्या. माझी माफी नाही मागितलीत तरी चालेल, पण त्या बाईची मागा. उशीर झाला म्हणून लाजू नका, तुमचं घड्याळ तसंही पुढेच आहे, बारामिनिटे साहेब.