मालनबाईची निळी भिंत

"मावशी, टेप चिकटव ना पटापट. भिंतीचं लग्न लावायचंय का?" खिडकीत बसून मोबाईल चाळता चाळता अमित म्हणाला.

मालनबाईने तळहात भिंतीवरून फिरवला आणि त्याच्या नाकापुढे धरला. हात पांढराफटक झाला होता. "हे बघ. काल छत घासलं, त्याची भुकटी. हिच्यावर टेप लावली तर ती भुकटीला चिकटंल, भिंतीला नाय. मग रंग खालून घुसंल आन् तुझा मामा माझ्या नावानं शिमगा करंल."

अमित हा ठेकेदार सहादूचा भाचा. पुण्याला तीन महिन्यांचा कसलासा कोर्स करून आला आणि आल्या दिवसापासून मिस्त्री झाला. मालनबाई बावीस वर्षं सहादूच्या कामांवर भिंती घासत होती. नाशिक रोडपासून गंगापूर रोडपर्यंत किती घरं तिने घासली असतील, देव जाणे. जिना चढताना तिला दम लागायचा, खोकला तर घरचाच झाला होता. पण एवढ्या वर्षांत तिच्या हातात कोणी ब्रश दिला नाही. बाईने घासायचं, टेप लावायची, फरशी पुसायची. रंग मिस्त्रीने लावायचा आणि टेपही मिस्त्रीनेच ओढायची. हा नियम कोणी केला ते विचारू नका. असले नियम करणाऱ्याचा पत्ता कधी सापडत नाही.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. हा फ्लॅट तृप्ती मॅडमचा. हॉलच्या भिंतीवर त्यांना निळे-पांढरे त्रिकोण हवे होते, एकात एक गुंतलेले. अमितने दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा कडा फुटल्या, निळा पांढऱ्यात घुसला आणि भिंत पुन्हा पांढरी करायची पाळी आली. तेव्हा सहादू गोड झाला. एरवी तो तिला 'अगं-तुगं' करायचा, पण गरज पडली की 'तुम्ही' म्हणायचा.

"मालनबाई, ही भिंत तुम्हीच करा. टेप तुमची, रंगही तुम्हीच लावा. जमली तर पुढच्या कामापासून तुम्हाला ब्रशवर घेतो. मिस्त्री म्हणून. जबान देतो."

ते ऐकून मालनबाईला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. लेकीला, चैतालीला, तिने फोन करून सांगितलं. चैताली म्हणाली, "आई, जबान कसली घेतेस? चार माणसांदेखत बोलायला लाव त्याला." पण आईला त्या आनंदात एवढं कुठलं ऐकू यायला!

तर मालनबाईने भिंत ओल्या फडक्याने पुसली आणि नीट वाळू दिली. मग टेप लावली, न ताणता, हातभर हातभर. अंगठ्याच्या नखाने कड अशी दाबत गेली की डाळीचा दाणाभर जागाही उघडी राहू नये. त्यानंतर तिने टेपच्या कडेवर पांढराच रंग फिरवला. तेव्हा मात्र अमितने मोबाईल खाली ठेवला.

"पांढऱ्यावर पांढरा? डोकं ठिकाणावर हाय ना?"

"फट राहिली आसंल तर हा पांढरा घुसंल आन् तिथंच बसंल. मग निळ्याला जायला वाटच नाय. कोर्सात नाय शिकवलं?"

मालनबाईने निळा रंग ढवळला, ब्रश बुडवला आणि पहिला हात मारला. दुसरा हात वाळत आलेल्या पहिल्यावर मारून झाला तेव्हा बारा वाजत आले होते.

सहादूचा हुकूम पक्का होता. मॅडम आल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही. मॅडमना टेप ओढतानाचा व्हिडिओ काढायचा होता. सहादू त्यांना आणायला गेला होता आणि त्या बँकेत अडकल्या होत्या. इकडे एप्रिलची धग गॅलरीतून थेट भिंतीवर. रंग सुकायला लागला. टेप ओढायची ती रंग ओला असताना. तो कडक झाला की टेपबरोबर साल निघाल्यासारखा निघतो आणि कड कुरतडल्यासारखी दिसते.

"फोन लाव मामाला," ती म्हणाली.

अमितने लावला. पलीकडून सहादू ओरडला, "अर्धा तास! तवर हात लावायचा नाय!"

मालनबाईने भिंतीला बोट लावून पाहिलं. बोटाला जेमतेम निळं लागलं. अर्धा तास म्हणजे भिंत मातीमोल. अमित म्हणाला, "मावशी, मामा लय चिडंल." चिडू दे. तिने वरच्या कोपऱ्यातलं टोक नखाने उचललं, मागे दुमडलं आणि हळूहळू ओढायला लागली.

अहाहा! काय रेघ आली होती! सुरीने कापल्यासारखी, एकही दात नाही, एकही ओघळ नाही. मालनबाई एकेक टेप सोडवत गेली आणि स्टुलावरून खाली उतरून नुसती बघत उभी राहिली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती घासल्या, ही एक तिची होती. तिला रडू आलं आणि रडण्याची लाजही वाटली.

सहादू एकटाच आधी वर आला. मॅडम आणि त्यांचे यजमान खाली गाडी लावत होते. त्याने भिंत पाहिली. रेघ त्याला दिसलीच नाही.

"टेप कुठाय?"

"भाऊ, रंग वाळत आला होता. थांबले आसते तर..."

"तुला सांगितलं काय होतं? व्हिडिओ कशाचा काढायचा आता, तुझ्या तोंडाचा? लाव परत. दोनच लाव मधल्या, पण लाव!"

"ताज्या रंगावर लावली तर रंग उपटून येईल, भाऊ."

"ते तू बघ! बावीस वर्षं टेपच लावतीस ना?"

मालनबाईने नवी टेप फाडली. मनात आलं, लावावी चांगली, नखाने दाबून. ओढू दे अमितला सगळ्यांदेखत. भिंत सोलून हातात येईल आणि मामा-भाच्यांची चांगली जिरेल. तिने टेप रेघेवर धरली, अंगठा वर ठेवला. पण अंगठा दाबेना. भिंत त्यांची कुठे होती?

तिने टेप काढून पदरावर तीनदा थापटली, सगळा चिकटपणा लुगड्यावर घालवला आणि वाऱ्याने पडणार नाही एवढीच टेकवली. जन्मभर टेप चिकटावी म्हणून धडपडली, आज चिकटू नये म्हणून.

"स्वयंपाकघरात थांब," सहादू म्हणाला. "व्हिडिओत येतीस."

तिथून तिला सगळं ऐकू येत होतं. अमितने टेप ओढली. मॅडम किंचाळल्याच. "ओ माय गॉड, किती शार्प! कोणी केलं हे?"

"आमचा भाचा, मॅडम. पुण्याला शिकून आलाय."

अमित काहीतरी पुटपुटला, पण टाळ्यांत ते विरून गेलं.

मॅडम आणि यजमान गेल्यावर मालनबाई बाहेर आली. तिला विचारायचं नव्हतं, तरी विचारलंच. "भाऊ, ते ब्रशवर घ्यायचं..."

सहादू बादल्या मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "टेप ओढायला सांगितली होती का तुला? ज्याला सांगितलेलं ऐकता येत नाय, त्याला मिस्त्री कसं करू? उद्या पाथर्डी फाट्याला ये. चार खोल्या घासायच्यात."

तिचं काळीज असं जळलं की थुंकावंसं वाटलं. एवढं जळूनही तोंडातून निघालं ते "येते." त्याचाच तिला जास्त संताप आला.

सकाळी ती सहादूच्या गाडीतून आत आली होती, आता चालत निघाली. गेटवरच्या वॉचमनने तिला थांबवलं. पोरगेला होता, सभ्य होता.

"मावशी, तुमची एन्ट्रीच नाही. नाव सांगा." त्याने मोबाईलवर नाव टाकलं. मग तिच्या कोपरापर्यंत निळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं आणि न विचारताच पुढच्या रकान्यात तिचं काम टाकलं. "मालनबाई, पेंटर. झालं, जा."

मालनबाई दोन पावलं गेली आणि परत आली.

"ते खोड, बाबा," ती म्हणाली. "लेबर लिही."

त्याने खोडून लेबर केलं. नीट केलं का, ते तिने वाकून पाहिलं आणि मग ती बस स्टॉपकडे वळली.