ठेचा रगडणारा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. लातूरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि महामाया नावाच्या नवरीच्या रुखवतात मी उदगीरला आलो. तिचं नाव अजून माझ्या पोटावर कोरलेलं आहे. तिचा मुलगा शिवशंकर स्टेशनच्या रस्त्यावर छोटं हॉटेल चालवतो. माझं आयुष्य तिथेच गेलं.

मला दोन कामं होती. सकाळी हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या केवळामावशी तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे भाजायच्या, वर मीठ टाकायच्या आणि माझ्या बुडाने ते सगळं रगडायच्या. मग मला घासून, पाणी भरून गिऱ्हाइकांपुढे ठेवायच्या. लोकांची तोंडं मीच भाजायची आणि मीच विझवायची!

मिरच्या हॉटेलामागच्या बारा झाडांच्या. बी मावशींच्या गावचं. पानं माना टाकेपर्यंत त्या झाडांना पाणी देत नसत. "ताण पडल्याबिगर तिखटपना येत न्हाई," असं म्हणायच्या. किल्लारीकडची माणसं जीप थांबवून ठेचा-भाकरी खायची, नाकं पुसायची आणि आणखी मागायची.

मागच्या दिवाळीपासून मात्र ठेचा मिळमिळीत होऊ लागला. रोज येणारे निवृत्ती गुरुजी एकदा म्हणाले, "शिवशंकर, ह्यो ठेचा हाय का मेथीची भाजी? आमच्या नातवानं वाटीभर खाल्ला, अन् साखर सुदीक मागितली न्हाई!"

सगळे हसले. शिवशंकर हसला नाही. मग गुरुजी हळूच म्हणाले, "तू तोडतो त्याच मिरच्या तव्यावर पडतात का, बघ बाबा जरा."

झालं! हॉटेलात संशय शिरला. शिवशंकर मावशींच्या हातांकडे टक लावून पाहू लागला. दुपारी घरी जाताना त्या पिशवी पोटाशी धरून का जातात? तिखट मिरच्या घरी आणि बाजारच्या तव्यावर, असं तर नाही? खरं सांगतो, मलाही संशय आला. त्यांचा हात माझ्या गळ्याभोवती असायचा, आणि मी त्यांच्यावरच नजर ठेवून असायचो.

एका दुपारी मावशी निघाल्या. गिऱ्हाइकांपुढचे पेले आवरता आवरता शिवशंकर म्हणाला, "मावशी, पिशवी दाखवा जरा."

"काय म्हनलास?"

"दाखवा म्हनलं."

जेवणारे हात थांबले. मावशींनी भरल्या हॉटेलात पिशवी टेबलावर उलटी केली. चष्म्याचं घर, भाकरीचं फडकं आणि राख लावलेली एक पुरचुंडी पडली.

"बी हाय. तुझ्याच झाडाच्या पिकल्या मिरच्यांचं, पुढच्या सालासाठी. हितं उंदरं लई, म्हनून घरी नेऊन राहिले." त्यांनी पुरचुंडी परत पिशवीत टाकली. "आता चल झाडापाशी."

गुडघा दुखत असल्याने दिवाळीपासून त्या मागच्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या. आज भिंत धरून उतरल्या. झाडं हिरवीगार, मिरच्या लांबसडक. मावशींनी बोट मातीत खुपसलं.

"शिवा, ही ओल कशाची?"

शिवशंकरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याच हातात होतो, उरलेल्या पाण्याने अर्धा भरलेला.

मित्रांनो, दुष्काळात टँकरमागे धावलेला माणूस पाणी गटारात ओतू शकत नाही. यंदा बोअरला पाणी भरपूर, म्हणून गिऱ्हाइकं पेले अर्धे टाकून जायची. शिवशंकर ते पाणी माझ्यात गोळा करून झाडांना घालायचा, दिवसातून दहा वेळा, मायेने. झाडं तरारली आणि मिरचीचा तिखटपणा गेला. सगळं पाणी माझ्याच पोटातून गेलं होतं, आणि मी मावशींची पिशवी न्याहाळत बसलो होतो.

"चुकलं, मावशी."

"झाडाचं काय, पानी तोड. नव्या मिरच्या येतील तिखट," एवढंच त्या म्हणाल्या.

आता उरलेलं पाणी समोरच्या कडुलिंबाला जातं. गुरुजींना पुन्हा ठसका लागतो. मावशीही रोज येतात. पण घरी जाण्याआधी त्या गल्ल्यापाशी थांबतात, पिशवी उघडतात आणि म्हणतात, "बघून घे, बाबा."

"नका ना, मावशी," शिवशंकर रोज म्हणतो.

मला पोचा पडला तर तांबट ठोकून काढतो. हा पोचा कोण काढणार? म्हणून सांगतो, कुणाच्या पिशवीत डोकावण्याआधी आपल्या हातात काय आहे ते एकदा नीट बघा.

दुपार झाली आहे. मावशी पिशवी उघडत आहेत.